मंडळाचे रक्तदान शिबिर नियमांत कसे बसवावे

नागपुरातील बहुतेक मंडळे शिबिराची तयारी मांडववाल्यापासून सुरू करतात. ती परवान्यापासून सुरू करावी. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या दृष्टीने मानवी रक्त हे औषध आहे, आणि म्हणून ते गोळा करणे, तपासणे, साठवणे व रुग्णासाठी देणे ही कामे परवानाधारक रक्तकेंद्रालाच करता येतात. (२०२० च्या दुरुस्तीने नियमांतला शब्द ‘रक्तकेंद्र’ झाला, आपल्या तोंडी मात्र रक्तपेढीच आहे.)

शिबिरासाठी कोणी रक्तकेंद्र स्वतःहून मंडळाकडे आले, तरी नमुना २८-सी मधील परवान्याची प्रत मागून घ्यावी आणि त्यावरील नाव, पत्ता व मुदत पाहावी. केंद्र धर्मादाय संस्थेचे असल्यास त्याला राज्य रक्त संक्रमण परिषदेची मान्यता आहे का, हेही विचारावे. मेडिकल, मेयो किंवा डागा रुग्णालयाच्या शासकीय रक्तकेंद्राला लेखी पत्र देऊन तारीख मागता येते. तारीख कधीकधी उशिरा मिळते, पण कागदपत्रांची चिंता कमी होते. परवान्याविषयी शंका आल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात चौकशी करावी.

तारीख ठरवताना पंचांग जवळ ठेवावे, कारण उपवास करणाऱ्याचे रक्त नियमाप्रमाणे घेतले जात नाही आणि एकादशीला किंवा नवरात्रात ठेवलेल्या शिबिरातून निम्मी माणसे टेबलापर्यंत येऊन परत जातात. हिंगण्याच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून झोप न घेता आलेला कामगार आणि चोवीस तासांच्या आत लांबच्या फेरीवर निघणारा ट्रकचालक यांनाही थांबवावे लागते. वस्ती अशा कामगारांची असेल तर साप्ताहिक सुटीचा दिवस बरा.

जागेबाबत नियम सोपा आहे: स्वच्छ, हवेशीर, पुरेसा उजेड आणि वीज असलेली, जिथे तपासणी, रक्तदान व विश्रांती यांची सोय वेगवेगळी होईल अशी. पण नागपूरचा उन्हाळा नियमांत लिहिलेला नाही. आमच्या मंडळाने एकदा मे महिन्यात शाळेच्या सभागृहात शिबिर ठेवले. आत दोन कूलर होते, मात्र अल्पोपाहाराचे टेबल बाहेर ओसरीवर मांडले होते. एक तरुण दाता खाटेवरून उठून थेट तिकडे गेला आणि हातात आलूबोंड्याची प्लेट असतानाच पायरीवर कोसळला. डॉक्टरांनी पाय उंच करून त्याला शुद्धीवर आणले, पण चूक आमचीच होती. अल्पोपाहार विश्रांतीच्या खाटांजवळ, सावलीतच ठेवावा आणि किमान पंधरा मिनिटे कोणाला उठू देऊ नये.

मनुष्यबळाचा अंदाज नियमांतच दिला आहे. तीन तासांत ५० ते ७० दाते अपेक्षित असतील तर सहा ते आठ रक्तदान टेबलांसाठी एक वैद्यकीय अधिकारी व दोन परिचारिका किंवा रक्त काढणारे कर्मचारी, शिवाय तंत्रज्ञ व समाजसेवा कर्मचारी असावे लागतात. म्हणून दोनशे दात्यांचा फलक लावण्यापूर्वी केंद्र किती माणसे पाठवणार, हे विचारून घ्यावे.

दात्यांना आधीच कळवायचे निकष मोजके आहेत: वय १८ ते ६५ (पहिल्यांदा देणाऱ्यास ६० पर्यंत), वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम, आणि दोन रक्तदानांत पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी १२० दिवसांचे अंतर. वर्षभरात गोंदण केलेल्यांनी येऊ नये. अंतिम निर्णय डॉक्टरांचा असतो. कार्यकर्त्यांनी त्यात ‘आपलाच माणूस आहे, घ्या’ म्हणून पडू नये.

भेटवस्तूंचा प्रश्न नाजूक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून मोबदला घेऊन रक्त देण्यावर बंदी आली, तरीही मंडळांना मिक्सर आणि बॅगा देऊ करणारे भेटतात. माझ्या मते प्रमाणपत्र, दातृकार्ड आणि लिंबू सरबत यापलीकडे जाऊच नये, कारण भेटीच्या आशेने आलेला माणूस आजार लपवतो. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस (गुप्तरोग) आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते खरी, पण संसर्ग अगदी नवा असेल तर तो तपासणीतून निसटू शकतो.

रक्ताची किंमत नसते, प्रक्रिया शुल्क असते. २०२२ च्या राष्ट्रीय दरांनुसार संपूर्ण रक्ताच्या किंवा लाल पेशींच्या एका पिशवीस शासकीय केंद्रात ११०० आणि खासगीत १५५० रुपयांची मर्यादा आहे. सिकलसेल व थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारांच्या रुग्णांना ते विनाशुल्क द्यायचे असते, आणि विदर्भात सिकलसेलची घरे किती आहेत हे येथे वेगळे सांगायला नको. मंडळाने केंद्राशी बोलताना हा मुद्दा आधीच पत्रात नमूद करून घ्यावा.

संध्याकाळी गाडी निघण्यापूर्वी एकूण पिशव्या, परत पाठवलेले दाते आणि अर्धवट राहिलेली संकलने यांची संख्या एका कागदावर लिहून त्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याची सही व केंद्राचा शिक्का घ्यावा, आणि त्याची प्रत मंडळाच्या फाइलला लावावी.