नाशिकच्या गच्चीवर दीड हजारात भाजीपाला

घरी भाजी पिकवायची तर आधी काय लावायचं नाही ते ठरवा. लासलगाव-पिंपळगावच्या जिल्ह्यात राहून गच्चीवर कांदा लावण्यात अर्थ नाही. एक प्लास्टिकचं क्रेट चार महिने अडतं आणि हाती येतो एक-दीड किलो कांदा. कोबी-फ्लॉवरचंही तेच, एका रोपाला एकच गड्डा. पैसे वाचतात ते रोज चिमूटभर लागणाऱ्या आणि फ्रीजमध्ये निम्म्या सडणाऱ्या भाज्यांत: कोथिंबीर, मेथी, पालक, शेपू, मिरची, पुदिना, कढीपत्ता, कांद्याची पात. पावसाळ्यात एखादा गिलक्याचा किंवा दोडक्याचा वेल. टोमॅटोची दोन झाडं हौस म्हणून लावा, बचत म्हणून नको.

सहा क्रेट आणि सहा बादल्या एवढी बाग धरू. चौघांच्या घरात हिवाळ्यात आठवड्यातून एकदा पालेभाजी आणि रोजची कोथिंबीर-मिरची यातून निघते. दीड हजारातले निम्म्याहून जास्त पैसे खताला जाऊ द्या, अडीचशेच्या आसपास बियाणं आणि रोपांना, उरलेल्यात जुने क्रेट, निंबोळी पेंड आणि कडुनिंबाचं तेल. नव्या कुंड्यांवर एक रुपयाही नको. बहुतेकांचं गणित इथेच उलटं होतं: हजाराच्या रंगीत कुंड्या येतात आणि त्यात बांधकामावरची फुकटची माती भरली जाते.

जागा आणि वजन

फळभाजीला पाच-सहा तास थेट ऊन लागतं, पालेभाजीला तीन-चार तास पुरतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो, त्यामुळे उत्तरेच्या गॅलरीत जूनमध्ये येणारं ऊन डिसेंबरमध्ये येत नाही. तिथे पुदिना आणि अळू एवढंच धरून चाला.

भरलेलं ओलं क्रेट 40 किलोच्या आसपास जातं. म्हणून क्रेट गच्चीच्या मधोमध न मांडता कठड्याच्या कडेने, खाली बीम किंवा भिंत असेल तिथे ठेवा, आणि प्रत्येकाखाली चार विटा द्या. जमिनीला टेकलेल्या क्रेटखाली ओल साचते, वॉटरप्रूफिंग खराब होतं, आणि मग सोसायटीच्या बैठकीत पहिला विषय तुमची बाग असतो.

भांडी

टोमॅटोच्या बाजारात फिरणारे 20 किलोचे प्लास्टिक क्रेट सगळ्यात सोयीचे. कडा तुटलेले क्रेट भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतात, आपल्याला तेवढे पुरतात. आतून जुनी शेडनेट किंवा गोणपाट लावा. सिमेंटच्या किंवा तांदळाच्या विणलेल्या प्लास्टिक गोण्या नुसत्या उन्हात ठेवल्या तर काही महिन्यांत त्यांचा भुगा होतो आणि तुकडे मातीत मिसळतात. क्रेटच्या आत अस्तर म्हणून त्या जास्त टिकतात. पालेभाजीला 15 सेंटिमीटर मातीची खोली पुरते, क्रेटमध्ये 20 भरली की मुळा आणि पातही येते.

मिरची, वांगी, टोमॅटोला रंगाची 20 लिटरची बादली, एका बादलीत एकच झाड. डिस्टेंपर किंवा अ‍ॅक्रिलिक रंगाची बादली घासून वापरता येते, ऑइलपेंट किंवा टर्पेंटाइनची नको. बोटाएवढी पाच छिद्रं पाडा: तीन तळाला, दोन बाजूला तळापासून दोन सेंटिमीटर वर. तळाची छिद्रं मातीने बुजली तरी बाजूची चालू राहतात.

माती, म्हणजे खरं काम

नाशिकची काळी माती शेतात सोनं असली तरी बादलीत एकटी चालत नाही. ओली असताना चिकटते, वाळली की आकसून बादलीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, मुळं कोरडीच राहतात, आणि खाली वाहिलेलं पाणी पाहून आपल्याला वाटतं की पाणी भरपूर झालं.

मिश्रण असं: एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग मोकळं करणारा माल. या तिसऱ्या भागासाठी कोकोपीट विकत घ्यायची गरज नाही. घोटीच्या भातगिरण्यांचं तूस आणि कॉलनीतला वाळका पाला निम्मा-निम्मा घ्या. तुसात राहिलेले भाताचे दाणे उगवतात, म्हणून ते आठवडाभर ओलं ठेवून मग मिसळा. रसवंतीवरची उसाची चिपाडं फुकट मिळतात, पण ती ताजी मातीत घालू नका. कुजताना ती मातीतला नत्र ओढतात आणि रोपं पिवळी पडतात. आधी खतात कुजवा, किंवा तुकडे करून वरून आच्छादन घाला.

सहा क्रेट (प्रत्येकी 38 लिटर) आणि सहा बादल्या (प्रत्येकी 18 लिटर) मिळून साधारण 340 लिटर मिश्रण लागतं. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत 35 लिटरच्या आसपास बसतं, म्हणजे प्रत्येक भागाच्या सव्वातीन गोण्या. क्रेटमागे 100 ग्रॅम आणि बादलीमागे 50 ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा, पाणी शिंपडून आठ दिवस ढीग तसाच ठेवा, मग भरा. शेणखत हातात घेऊन पाहा: गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे. त्याने मुळं जळतात आणि हुमणी म्हणजे मुळं खाणारी अळीही येते.

राख आणि चुना टाळा. चुलीची राख घाला असा सल्ला सगळीकडे मिळतो, तो आम्लधर्मी लाल मातीला ठीक. आपली काळी माती मुळातच चुनखडीची. राख घातली की लोह मिळेनासं होतं, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. असं झालंच तर हिराकस (फेरस सल्फेट) 2 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, आणि पुढच्या भरणीला शेणखत वाढवा.

पुढच्या हंगामाचं खत घरातच होतं. दोन जुन्या बादल्यांना चहूबाजूंनी छिद्रं पाडा. ओला कचरा एक थर, त्याच्या दुप्पट-तिप्पट वाळका पाला, वर दोन मुठी जुनं खत. एक बादली भरली की झाकून दुसरी सुरू करा. उन्हाळ्यात दोन महिन्यांत तयार होतं, थंडीत तीनही लागतात. वास सुटला म्हणजे पाला कमी पडला, मुंग्या लागल्या म्हणजे कोरडं झालं. पांढऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरायचं कारण नाही, त्या कचराच खातात.

केव्हा काय

सुरुवात पावसाळा ओसरल्यावर, दसऱ्याच्या आसपास करा. पाऊस थांबलेला असतो, ऊन सौम्य होत जातं, किडी तुलनेने कमी असतात. जूनच्या पहिल्या पावसाच्या उत्साहात पेरलेली मेथी-कोथिंबीर बहुधा जुलैच्या झडीत बुडाशी सडून आडवी पडते.

मेथी: क्रेटला दोन चमचे (10 ग्रॅम) दाणे रात्रभर भिजवून फेकून पेरा, वर एक सेंटिमीटर माती. 25 ते 30 दिवसांत काढणीला येते. कोथिंबीर: किराण्यातले धणे चालतात, पण भाजलेले किंवा जुने तपकिरी नकोत. लाटण्याने हलके रगडून दोन डाळी सुट्या करा, चुरा केला तर उगवण गेलीच. 12 तास भिजवा, क्रेटला तीन चमचे. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. पाचव्या दिवशी माती उकरून पाहण्याचा मोह आवरा. सगळं बी एकदम न पेरता दर 15 दिवसांनी एक क्रेट पेरलं की घरात खंड पडत नाही. पालक 10 सेंटिमीटरवरच्या ओळींत पेरा आणि बुडापासून तीन-चार बोटं वर कापा, तीन-चार कापण्या मिळतात.

मिरची-वांग्याचं बी पेरून 35-40 दिवस रोप सांभाळण्यापेक्षा तयार रोपं घ्या. गिरणारे, दिंडोरी, पिंपळगाव भागातल्या रोपवाटिका शेतकऱ्यांसाठी ट्रेमध्ये हजारोंनी रोपं करतात, तिथे सुटी दहा रोपं मागून पाहायला हरकत नाही. शहरातल्या शोभेच्या नर्सरीपेक्षा बरीच स्वस्त पडतात. ती ऑक्टोबरअखेर लागली पाहिजेत. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा लावलेलं मिरचीचं रोप मरत नाही, पण संक्रांत होईपर्यंत जागचं हलतही नाही. भेंडी आणि गवारही नोव्हेंबर मध्यापासून जानेवारीअखेर पेरू नका, थंड मातीत बी कुजतं. फेब्रुवारीत पेरा. भेंडीत परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घ्या, केवड्याला, म्हणजे शिरा पिवळ्या करणाऱ्या विषाणूला, तुलनेने टिकतात, आणि सुधारित वाण असल्याने त्यांचं बी पुढच्या वर्षी धरता येतं. संकरित वाणाचं धरू नका.

टोमॅटोला काठी आणि सुतळीचा आधार लावणीच्या दिवशीच द्या, नंतर काठी खुपसली की मुळं तुटतात. पहिल्या फुलोऱ्याखालच्या बगलफुटी काढत राहा. द्राक्षबाग पाहिलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

वेल मात्र जूनमध्येच. मृगाचा पाऊस झाला की 25-30 लिटरच्या मोठ्या डब्यात दोन बिया टोका आणि जोमदार वेल एकच ठेवा. पहिले दोन आठवडे नुसती नर फुलं येऊन गळतात, तो रोग नव्हे. मादी फुलाच्या देठाशी इवलं फळ असतं. ते पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन होत नाही, गच्चीवर मधमाश्या कमी येतात. नर फूल तोडून त्याचे परागकण मादी फुलात टेकवा, फक्त वेळ सांभाळा: गिलके, काकडी, कारलं सकाळी उमलतं, दोडका आणि दुधी संध्याकाळी. दोडक्याला सकाळी हात लावून उपयोग नाही.

मार्चनंतर कोथिंबीर-पालक फुलावर येतात. त्या क्रेटमध्ये तांदुळजा, लाल माठ किंवा अंबाडी पेरा, आणि वर 50 टक्क्यांची हिरवी शेडनेट.

पाणी आणि कीड

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी, नाहीतर नाही. हिवाळ्यात बहुधा दिवसाआड पुरतं, एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ. टोमॅटोच्या फळाचं टोक काळं पडून खोलगट झालं तर ती बुरशी नसते. कधी कोरडं, कधी तुडुंब असं पाणी दिल्याने फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. अंड्याची टरफलं घालून ते लगेच सुधारत नाही, पाणी नियमित करा. बोअरचं पाणी वापरत असाल आणि मातीवर पांढरी पुटं चढली असतील, तर ती खरवडून काढा आणि पावसाळ्यात डबे उघड्यावर धुवून निघू द्या.

मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना कडुनिंबाचं तेल 5 मिलि आणि भांड्यांचं पातळ साबण 1 मिलि एक लिटर पाण्यात. आधी तेल आणि साबण एकत्र घोटा, मग पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून फवारा, दर सात दिवसांनी तीनदा. मिरचीचा चुरडा-मुरडा (पानं आकसून वळणं) सुरुवातीला याने आटोक्यात येतो. शेंडाच आखडून पानं बारीक राहिली, किंवा भेंडीच्या शिरा पिवळ्याधमक झाल्या, तर तो विषाणू आहे आणि कुठलाही फवारा चालत नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. पिठ्या ढेकूण दिसला की फवारणीआधी जुन्या टूथब्रशने घासून काढा, मेणचट थराखाली तेल पोचत नाही.

मेमध्ये रिकाम्या झालेल्या क्रेटमधली माती गच्चीवर पातळ पसरा, ओली करा, पारदर्शक प्लास्टिकने झाकून कडा विटांनी दाबा आणि तीन-चार आठवडे तशीच तापू द्या. बुरशी, सूत्रकृमी आणि तणाचं बी बरंच मरतं. नंतर तीन भाग या मातीला एक भाग घरचं खत आणि क्रेटमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळून परत भरा. ज्या बादलीत टोमॅटो-मिरची होती तिथे पुढच्या खेपेला गवार लावा, वांगं नको, ते त्याच कुळातलं.