‘खाली’ हा शब्द वापरताय? या चुका टाळा

हिंदीतून मराठीत आलेला मजकूर तपासणं हे माझं रोजचं काम, आणि आठवड्यातून एकदा तरी कुठल्यातरी फॉर्मवर ‘खाली जागा भरा’ दिसतंच. अहो, ‘रिकाम्या जागा भरा’! शाळेत वर्षानुवर्षं आपण त्याच तर भरल्यात. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, मराठीत आधी डोळ्यासमोर येतो तो तळ. यंत्राने दिलेलं भाषांतर जसंच्या तसं चिकटवायची घाई झाली की हे असं होतं, दोन मिनिटं मोठ्याने वाचून बघायला काय जातं?

सगळ्यात महागात पडते ती फोनवरची चूक. आम्ही घर बदलत होतो, चौथा मजला, लिफ्ट बंद, टेम्पोची पहिली फेरी गेलेली आणि वर फक्त आईचं लोखंडी कपाट राहिलेलं. टेम्पोवाले भैया उत्तर प्रदेशातले. मी फोन करून विचारलं, "भैया, टेम्पो खाली है ना?" ते म्हणाले, "हां दीदी, एकदम खाली है." झालं, दादा, भाऊजी आणि वॉचमनकाका तिघांनी कपाट उचललं, एकेक पायरी करत उतरवलं, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्यात दादाचं बोट चेमटलं, आणि खाली येऊन बघतो तर टेम्पोच नाही! तो नव्या घरी उभा, सामान उतरवून रिकामा. भैया खरंच बोलले होते, चूक माझी. भुरभुर पाऊस सुरू झाला, कपाटावर सतरंजी टाकून आम्ही पाऊण तास फुटपाथवर उभे.

तेव्हापासून मी हो-नाहीचा प्रश्न विचारतच नाही. "कुठे आहात?" एवढंच विचारते. ज्या शब्दाचे दोन अर्थ आहेत तिथे ‘हो’ दोन्हीकडे बरोबर बसतं, घोळ तिथेच होतो. आणि हिंदीत बोलताना ‘नीचे’ म्हणायची जिभेला सवय लावून घेतली.

आता याची उलटी चूक. दोन पुस्तकं वाचून काहीजण ‘खोली खाली करा’ हे पण अशुद्ध म्हणून खोडायला लागतात. कशाला? रिकाम्या अर्थाचा खाली अरबीतून फारसीमार्गे आला आणि मराठीत कधीचा रुळलाय. अरबस्तानातल्या त्या प्रचंड वाळवंटाचं नाव रुब अल खाली, म्हणजे रिकामा चतुर्थांश, त्यातला खाली हाच. आपला तळाचा खाली वेगळ्या घरातला, खालचा, खालोखाल, कोकणातली किनाऱ्यालगतची सखल पट्टी म्हणजे खालाटी, ही त्याची भावंडं. जुन्या छापील पुस्तकांत तर तो ‘खालीं’ असा अनुस्वार देऊन लिहायचे, त्यामुळे कागदावर तरी दोघं वेगळे दिसायचे. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि दोघांचा चेहरा एक झाला. म्हणून लिहिताना मी शक्यतो ‘रिकामं’च लिहिते.

बाकीच्या चुका पटापट सांगते. बंगळुरात खाली डोसा मागवून "भाजी कुठेय?" म्हणून भांडू नका, आत भाजी नसते म्हणूनच तो खाली. तेलुगू माणसाने ‘खाळी’ आहात का विचारलं तर फुरसत आहे का असं विचारतोय. बंगालीत खाली म्हणजे रिकामं, शिवाय ‘फक्त’ सुद्धा. गुजराती शेजारीण पायाला ‘खाली चडी’ म्हणाली तर पायाला मुंग्या आल्यात, तिला बसू द्या.

आणि तबला शिकणाऱ्यांनो, खाली आली म्हणजे आवाज बारीक करायचा असं नाही! तीनतालात 16 मात्रा, नवव्या मात्रेवर खाली, तिथे टाळी द्यायची नाही, हात बाजूला न्यायचा, आणि त्या भागात डग्ग्याचा घुमारा काढून घ्यायचा. आठवडाभर नुसती हाताने टाळी-खाली धरा, मग तबल्याला हात लावा. रूपक घाईने घेऊच नका, सात मात्रांच्या त्या तालाची सम, म्हणजे पहिली मात्राच, खालीची असते.