‘इथेच तर आहे’ म्हणून निघू नका : जवळच्या डोंगरावर या चुका टाळा

पनवेलहून कर्नाळा किंवा अलिबागहून सागरगडाचा पायथा, गाडीने अर्ध्या तासाचंही काम नाही. हरिश्चंद्रगडाला जायचं असलं की आपण आठ दिवस आधी यादी करतो. इथे मात्र नाश्ता उरकून, एक पाण्याची बाटली घेऊन, सँडलवरच निघतो. मला वाटतं, आपल्याकडचे बरेचसे अपघात या ‘इथेच तर आहे’मध्येच सुरू होतात.

उंचीच्या आकड्यांवरही जाऊ नका. कर्नाळा किल्ला साधारण ४५० मीटर आणि सिंहगड १३०० च्या आसपास, म्हणून कर्नाळा किरकोळ वाटतो. पण पुणं मुळातच साडेपाचशेवर आहे. कोकणात आपण जवळजवळ समुद्राच्या पातळीपासून चढायला लागतो, त्यामुळे आकड्यातले बहुतेक सगळे मीटर पायांनीच मोजावे लागतात. त्यात दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही, म्हणजे अंग थंड होत नाही. ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीनंतर माणशी तीन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटं सोबत हवीतच. वरच्या टाक्यातलं पाणी मिळेल या भरवशावर जाऊ नका. कुणी बोलताना अडखळायला लागला, चिडचिड करू लागला किंवा त्याला मळमळ सुरू झाली, तर ‘थोडंच राहिलंय’ म्हणून पुढे ओढू नका. सावलीत बसवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला. शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्या. बोलणं असंबद्ध झालं तर तो उष्माघात समजा आणि १०८ ला फोन करा.

सगळ्यात मोठी चूक : खाली रस्ता दिसतो म्हणून सरळ उतरणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. डिसेंबर महिना होता. भाचा आणि त्याचे दोन मित्र बरोबर होते. अलिबागजवळच्या खंडाळे गावातून निघायलाच बारा वाजले. सागरगडावर वानरटोकाचा सुळका बघितला, समुद्रातला कुलाबा किल्ला बघितला, फोटो झाले आणि माचीच्या, म्हणजे डोंगरातल्या सपाटीवरच्या वस्तीच्या, खाली आलो तेव्हा साडेपाच होत आले होते. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि झाडीत त्याआधी अर्धा तास अंधारतं. तेवढ्यात खाली पेण रस्त्यावरून जाणारी एसटी दिसली. भाचा म्हणाला, “मामा, या ओढ्यातून सरळ गेलो तर वीस मिनिटांत रस्त्यावर.” मलाही ते पटलं.

पहिला टप्पा पुरुषभर उंचीचा होता. बसून घसरलो. दुसराही तसाच. तिसऱ्याच्या काठावर आलो आणि खाली तीस-चाळीस फूट नुसता कातळ, पावसाळ्यातला धबधबा डिसेंबरात कोरडा पडलेला. मागे वळलो तर घसरत आलेले टप्पे चढता येईनात. वर्षानुवर्षं पाणी वाहून तो दगड इतका गुळगुळीत झाला होता की बोटं रुतवायला खाच सापडेना. फोनलाही रेंज नव्हती, वर माचीवर होती.

आपले डोंगर थरांचे आहेत. लाव्हारसाचे थर एकावर एक साचले, त्यातले मऊ थर झिजले आणि कठीण थरांचे कडे उभे राहिले. म्हणून उतार एकसारखा नसतो, पदर म्हणजे सपाट टप्पा मग कडा, पदर मग कडा. माणसांची वाट हे कडे चुकवून डोंगराच्या सोंडेने किंवा खिंडीने उतरते. पाणी मात्र कड्यावरून सरळ उडी मारतं.

आमच्या हाका ऐकून माचीवरचे एक काका बॅटरी घेऊन आले. त्यांनी वरून दोर सोडला आणि एकेकाला वर घेतलं. एवढंच म्हणाले, “ही पाण्याची वाट, दादा. माणसांची वर राहिली.”

तेव्हापासून परतीची वेळ मी पायथ्यालाच ठरवतो. हिवाळ्यात दुपारी दोन वाजले की टोक आलेलं असो वा नसो, मागे फिरायचं. वाट चुकलीच तर शेवटची ओळखीची खूण जिथे दिसली होती तिथवर परत चढायचं, पाय कितीही दुखोत. कारवीच्या झुडपांत शिरलेल्या ढोरवाटा फसव्या असतात. गुरं चरत जातात तशा त्या फुटत फुटत जातात आणि अचानक संपतात. अंधार पडलाच तर कड्यापासून लांब, कोरड्या जागी एकत्र बसा. मदतीसाठी ११२ ला फोन लागत नसेल तर घरी एसएमएस करून बघा, कधीकधी अगदी कमी रेंजमध्येही तो जातो. मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा बॅटरीची उघडझाप, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. हा डोंगरातला आंतरराष्ट्रीय मदतीचा संकेत आहे. शिट्टी दहा-वीस रुपयांना मिळते. ती सॅकमध्ये ठेवू नका, गळ्यात अडकवा.

आग्या मोहोळाखाली गोंगाट

कर्नाळ्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्याला मोठमोठी पोळी लटकलेली असतात. तिथे उग्र सेंट मारून जाणं, सिगारेट पेटवणं, ड्रोन उडवणं, आरोळ्या ठोकणं हे सगळं जिवावर बेतू शकतं. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. मोकळी वाट असेल तर तोंड झाकून झपाझप दूर व्हा. कड्याच्या काठावर असाल तर मात्र पळू नका. अशा वेळी डंखापेक्षा खाली पडण्याचा धोका मोठा असतो. जागीच खाली बसून जुनी चादर डोक्यावरून ओढून घ्या. अशी एक पातळ चादर मी कायम सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवतो. नंतर नांगी नखाने लगेच खरवडून काढा. ओठ-जीभ सुजली किंवा दम लागला, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

पावसाळा

हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर घरी राहा. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की खातं त्याला ‘अत्यंत मुसळधार’ म्हणतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अशा पावसाच्या दिवसांत डोंगराच्या कुशीतल्या कुठल्याही वाडीत मुक्कामाची चौकशी करू नका.

धबधब्यात उभं असताना आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या पठारावर पाऊस कोसळत असू शकतो. पाणी गढूळ झालं, पाचोळा-काटक्या वाहत आल्या किंवा आवाज घुमायला लागला की वस्तू गोळा न करता बाहेर पडा, आणि ज्या काठावरून घरी जायचंय त्याच काठावर. ओढा आधीच फुगला असेल तर ओलांडू नका. पाऊस थांबला की आपले छोटे ओढे दोन-चार तासांत बहुधा उतरतात.

हात कुठे ठेवता?

कातळावर चढताना न बघता वर हात टाकायची सवय मोडा. फुरसं हा विषारी साप वीतभर-हातभर लांबीचा, दगडाखाली बसतो आणि अंगावरचे खवले घासून करकर आवाज करतो. चावला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करू नका. अंगठी-घड्याळ काढा, तो अवयव हलू देऊ नका, माणसाला शक्यतो चालवू नका आणि सर्पविषावरची लस असलेल्या रुग्णालयात न्या. लाल विंचवालाही हलक्यात घेऊ नका. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला तेव्हापासून या दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले, पण त्यासाठी वेळेत डॉक्टरपर्यंत पोचावं लागतं.

बुटांबद्दल एकच सांगतो : तळवा झिजलेला असेल तर घसाऱ्यावर आणि शेवाळावर तो बूट नसल्यासारखाच.

निघताना पायथ्याच्या वाडीत कुणाला तरी सांगा, किती जण आहात, कुठल्या वाटेने जाताय, किती वाजता उतरणार. आणि उतरल्यावर त्याच घरी ‘आलो हो’ म्हणून हाक मारून मगच गाडीत बसा. नाहीतर दिवसभर शेतात राबलेला माणूस रात्री बॅटरी घेऊन तुम्हाला शोधायला निघतो.