डोंगरी नद्यांवर एकट्याने ट्राउटची फ्लाय फिशिंग : या चुका टाळा

चार-पाच दिवस एकट्याने नदीकाठी राहून ट्राउट (थंड पाण्यातला मासा) पकडायला निघालेला माणूस कोणती फ्लाय (गळावर बांधलेला नकली किडा) बांधावी याचा खूप विचार करतो, पण नदीचे पाणी दिवसभरात कसे बदलते याकडे मात्र पुरेसे लक्ष देत नाही. माझ्या मते गंभीर चुकांचे मूळ इथेच असते.

बर्फ वितळून वाहणाऱ्या नदीला सकाळी पाणी कमी असते. उन्हाने वितळलेले पाणी दुपारनंतर आणि हिमक्षेत्रापासून दूर असल्यास संध्याकाळी किंवा रात्री पात्रात पोहोचते. त्यामुळे सकाळी गुडघाभर पाण्यातून ओलांडलेली नदी परतताना कमरेच्या वर चढलेली असू शकते, आणि तंबू नेमका पलीकडे राहतो. शक्यतो तंबूच्याच काठावरून मासेमारी करावी. पलीकडे जायचेच असेल, तर पाण्याच्या कडेचा एखादा दगड खूण म्हणून हेरून ठेवावा आणि तो बुडू लागताच, मासे कितीही लागत असले तरी, परत फिरावे. पाणी गढूळ होऊन काटक्या-पाने वाहू लागली, तर खुणेचीही वाट पाहू नये.

नदी ओलांडताना पाठपिशवीचा कमरपट्टा सोडावा, म्हणजे पडल्यास ती झटकन टाकता येते. वेडरचा (पाण्यात उतरताना घालायच्या जलरोधक पोशाखाचा) पट्टा मात्र घट्ट आवळावा, कारण तो आत शिरणारे पाणी रोखतो. वाहून जाऊ लागल्यास पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवून पाठीवर तरंगावे. वेगवान पाण्यात उभे राहण्याची घाई केल्यास पाय दगडांत अडकतो, आणि सोडवायला जवळ कोणी नसते.

मासा फ्लाय घेत नसेल तर लगेच फ्लाय बदलणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे त्याच्या मागून, म्हणजे खालच्या बाजूने वर सरकावे. आपल्या आणि माशाच्या मधली वेगवान धार लाईनला (गळाच्या दोरीला) ओढते आणि तिच्यामागे फ्लाय पाण्यावर घसरू लागते. असे अनैसर्गिक सरकणारे भक्ष्य ट्राउट सहसा नाकारतो. फेकल्यावर लाईन उचलून धारेच्या वरच्या बाजूला टाकावी, किंवा जवळ जाऊन कमी लाईन पाण्यावर ठेवावी. पृष्ठभागावर मासे दिसत नसतील, तर निम्फ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय) तळाजवळ पोहोचते का ते आधी तपासावे. बऱ्याचदा फक्त वजन कमी पडलेले असते. मासा लागून टिपेट (फ्लाय बांधायचा दोरीचा बारीक शेवटचा भाग) गाठीतच तुटत असेल, तर गाठ ओली न करता आवळलेली असावी, किंवा वाऱ्याने टिपेटमध्ये नकळत गाठ पडलेली असावी.

पाण्याचे तापमान सुमारे २० अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर मासेमारी थांबवावी, कारण तेव्हा सोडून दिलेला मासाही दमून मरू शकतो. एरवी उलटा काटा नसलेला गळ वापरावा आणि ओल्या हातांनी, शक्यतो पाण्यातच, मासा सोडवावा. दुसऱ्या खोऱ्यात जाण्याआधी बूट आणि वेडर धुऊन पूर्ण वाळवावेत. डिडिमो या शेवाळाचा प्रसार ओल्या साहित्यातूनही होतो, म्हणूनच न्यूझीलंडमध्ये २००८ मध्ये पाणी धरून ठेवणाऱ्या नमद्याच्या (जाड दाबीव कापडाच्या) तळव्यांच्या बुटांवर बंदी आली.

निघण्यापूर्वी मुक्कामांची यादी विश्वासू माणसाकडे द्यावी आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास मदत बोलवायची, तेही ठरवून द्यावे. दरीत मोबाईल चालेलच असे नाही. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे उपकरण पिशवीत न ठेवता अंगावरच्या खिशात ठेवावे, कारण पाण्यात पडल्यावर सर्वांत आधी सोडून द्यावी लागते ती पिशवीच.