बार कॉर्ड शिकताना या चुका टाळा

गिटारवर सी, जी, डी, ई मायनर या कॉर्ड्स थोड्याफार दिवसांत हातात बसतात. मग एफ ही बार कॉर्ड येते, म्हणजे एकच बोट आडवं टाकून बऱ्याच तारा दाबायची कॉर्ड, आणि गाडी तिथेच अडते. सहा तारांपैकी दोन वाजतात, बाकीच्या नुसत्या ठक्क करतात. यावर जवळजवळ प्रत्येक नवशिका एकच उपाय करतो: आणखी जोरात दाबतो. त्याने अंगठ्याचं बूड भरून येतं आणि कॉर्ड होती तिथेच राहते. बोटात ताकद नाही म्हणून एफ अडते, असं फार कमी वेळा होतं. ताकद भलत्याच ठिकाणी लागत असते, म्हणून अडते.

आधी रचना नीट बघा. सगळ्यात बारीक तार पहिली, सगळ्यात जाड सहावी. फ्रेट म्हणजे तारांखालच्या धातूच्या दोन पट्ट्यांमधली जागा. एफमध्ये तर्जनी पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवी. मधलं बोट तिसऱ्या तारेवर, दुसऱ्या फ्रेटला. अनामिका पाचव्या तारेवर आणि करंगळी चौथ्या तारेवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटला. म्हणजे पाचवी, चौथी आणि तिसरी या तारा दुसरी बोटं सांभाळतायत. तर्जनीच्या वाट्याला तीनच तारा उरतात: सहावी, दुसरी आणि पहिली. मधल्या तारांवर तर्जनी सैल राहिली तरी काही बिघडत नाही. बी मायनरमध्ये तर हे काम आणखी कमी आहे. तिथे तर्जनी पाचव्या तारेपासून पहिलीपर्यंत पडते, पण तिने खरोखर दाबायच्या तारा दोनच, पाचवी आणि पहिली. सगळं बोट सारख्याच जोराने दाबायचा हट्ट सोडला की निम्मा थकवा तिथेच जातो.

सगळ्या तारा एकदम छेडून ‘वाजत नाही’ म्हणणं

कॉर्ड धरा आणि सहावीपासून पहिलीपर्यंत एकेक तार सावकाश वाजवा. तीन प्रकारचे बिघाड ऐकू येतील. आवाज बद्द, मेलेला असेल तर तार दाबलीच गेलेली नाही किंवा शेजारचं बोट तिला टेकलंय. झर्र अशी खरखर येत असेल तर बोट फ्रेटच्या पट्टीपासून लांब पडलंय किंवा दाब थोडा कमी पडतोय. आणि तार स्वच्छ वाजूनही बेसूर लागत असेल, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त दाबताय किंवा तार बाजूला ओढताय. तिसऱ्या बिघाडाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ट्यूनिंग बिघडलं समजून लोक खुंट्या पिळत बसतात.

आता कुठली तार बिघडली त्यावरून कारण शोधा.

दुसरी तार बद्द वाजत असेल तर ती बहुतेक वेळा तर्जनीच्या सांध्याच्या घडीत अडकलेली असते. घडीपाशी खाच असते, तिथे कितीही दाबा, तार खाचेतच बसणार. अख्खं बोट २-३ मिलिमीटर वर किंवा खाली सरकवा, म्हणजे घडी दोन तारांच्या मध्ये येईल. प्रत्येकाच्या बोटाची लांबी वेगळी असल्यामुळे ही जागा ज्याची त्यालाच शोधावी लागते.

पहिली तार मेलेली असेल तर तर्जनीचा बुडाकडचा मऊ भाग तिच्यावर आलाय. इथे युक्ती कोपराची आहे. डावं कोपर थोडं पोटाकडे घ्या. त्याबरोबर तर्जनी आपोआप अंगठ्याच्या बाजूच्या कडेवर कलते. त्या कडेला मांस कमी आणि हाड जवळ, त्यामुळे तितक्याच दाबात तार पक्की बसते.

सहावी खरखरत असेल तर तर्जनीचं टोक पाहा. बोट तिरकं पडून टोक पट्टीपासून मागे, नटकडे (पहिल्या फ्रेटच्या आधीची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) गेलेलं असतं. बोट पट्टीला समांतर आणि तिला अगदी खेटून हवं. तिसरी बद्द असेल तर करंगळीचं पेर आत मोडून तिला चिकटलंय का ते बघा. करंगळी टोकावर उभी करायला वेळ लागतोच, तिथे धीर धरा.

अंगठ्याने चिमटा काढणं

अंगठा नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) मागे, साधारण तर्जनी आणि मधल्या बोटाच्या समोर, मध्यरेषेच्या जवळपास हवा. नेकच्या वर डोकावणारा अंगठा ओपन कॉर्ड्समध्ये (काही तारा मोकळ्या वाजतात त्या) खपून जातो. बारमध्ये मात्र तळवा नेकला चिकटतो आणि तर्जनी सरळ पडूच शकत नाही.

एक चाचणी करून बघा. उजवा हात गिटारच्या पेटीवर टेकवून पेटी पोटाशी धरा. एफ धरा आणि अंगठा नेकपासून पूर्ण काढून घ्या. आता दाब द्यायला उरतो तो डाव्या दंडाचा मागे खेचणारा भार. आश्चर्य म्हणजे यातही बऱ्याच तारा वाजतात. अंगठ्याने लावलेला बराचसा जोर फुकट होता, हे इथे हातालाच कळतं. मग अंगठा परत ठेवा, नुसता आधारापुरता.

बोटं दिसावीत म्हणून गिटार मांडीवर आडवी पाडून तिचं तोंड वर करायची सवयही याच जातीची. तसं केलं की मनगट काटकोनात मोडतं आणि बोटांची पोहोच कमी होते. गिटार उभी ठेवा, नेक किंचित वर उचललेला असू द्या आणि बघायचं असेल तर मान पुढे झुकवा.

पहिल्याच फ्रेटवर सुरुवात

बार कॉर्डसाठी पहिला फ्रेट ही सगळ्यात वाईट जागा आहे. नट अगदी शेजारी असल्याने तार तिथे ताठ लागते, शिवाय फ्रेट रुंद असतात. ६५० मिलिमीटर तारलांबीच्या गिटारवर पहिला फ्रेट सुमारे ३६ मिलिमीटर रुंद असतो, पाचवा सुमारे २९. म्हणून एफचा तोच आकार आधी पाचव्या फ्रेटवर धरा, तिथे ती ए मेजर होते. सहाही तारा सलग पाच वेळा स्वच्छ वाजल्या की एक फ्रेट खाली, नटच्या दिशेने या. तिसऱ्यावर जी मिळते, तिथून पुढे दुसरा आणि मग पहिला. कुणी चार दिवसांत उतरतं, कुणाला तीन आठवडे लागतात.

पाचव्या फ्रेटवर सहज वाजणारी कॉर्ड पहिल्यावर अजिबात वाजत नसेल, तर दोष तुमचा नसून गिटारचा असू शकतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि बार दुसऱ्यावर धरा. एकदम हलकं वाटलं तर नटच्या खाचा उंच आहेत. खात्रीसाठी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटच्या पट्टीवरची फट बघा. केसाएवढी हवी, ठळक दिसत असेल तर नट घासून घ्यावा लागेल. ते काम जाणकाराकडे द्या. खाच जास्त खोल गेली की मोकळी तार खरखरते आणि मग नटच बदलावा लागतो.

ॲक्शनही, म्हणजे तारांची पट्ट्यांपासूनची उंची, मोजा. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर बाराव्या फ्रेटच्या पट्टीपासून सहाव्या तारेच्या खालच्या कडेपर्यंत २ ते २.५ मिलिमीटर अंतर ठीक आहे. ३ च्या वर असेल तर तुम्ही विनाकारण कुस्ती खेळताय. तारा १२ गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) असतील तर पुढच्या वेळी १० किंवा ११ चा संच लावा. गंजलेल्या तारा तर आजच काढा.

बोटं एकेक करून बसवणं

कॉर्ड वाजते, पण गाण्यात वेळेवर येत नाही, ही पुढची पायरी. बोटं रांगेत एकामागून एक बसत असतील तर वेग कधीच येणार नाही. कॉर्ड धरा, बोटं तारांपासून अर्धा सेंटिमीटर उचला, आकार हवेत तसाच ठेवा, पुन्हा एकदम टेकवा. दहा वेळा. यात तारा छेडायच्याही नाहीत.

बदलताना कुठलं बोट जागेवरच राहतंय ते शोधणं हा खरा फायद्याचा व्यवहार. सी मधून एफमध्ये जाताना अनामिका हलतच नाही. दोन्हीकडे ती पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटलाच आहे. तिला खुंटा धरून बाकीचा हात फिरवा. सी मधून ए मायनरमध्ये तर फक्त अनामिकाच उचलायची, ती तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला ठेवायची.

कॉर्ड बदलताना उजवा हात थांबवू नका. ठोक्याच्या शेवटच्या वरच्या झटक्याला तारा मोकळ्या वाजल्या तरी ऐकणाऱ्याला कळत नाही. हात थांबला तर मात्र लगेच कळतं. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ५० ते ६० ठोक्यांवर लावा आणि चार ठोक्यांना एक बदल करा.

सोपा पर्याय नाकारणं, किंवा त्यालाच चिकटून बसणं

पूर्ण एफ बसेपर्यंत छोटी एफ वाजवा: चौथी तार तिसऱ्या फ्रेटला, तिसरी दुसऱ्याला, दुसरी आणि पहिली मिळून तर्जनीखाली पहिल्या फ्रेटला, पाचवी-सहावी वाजवायची नाही. बी मायनरसाठी चौथी तार मोकळी, तिसरी चौथ्या फ्रेटला, दुसरी तिसऱ्याला, पहिली दुसऱ्याला. गाणं एफ या सुराच्या पट्टीत (स्केलमध्ये) असेल तर पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून सीच्या आकारांनीही वाजतं. यात कमीपणा काही नाही. फक्त रोज पाच मिनिटं पूर्ण बारला द्या, नाहीतर सहा महिन्यांनीही छोटीच एफ हातात राहते.

एका बैठकीत बारचा सराव १० मिनिटांपेक्षा जास्त नको. बोटांची टोकं हुळहुळणं साहजिक आहे. मनगटात कळ आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर त्या दिवसापुरती गिटार ठेवून द्या, आणि त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

एक शेवटची तपासणी, जी बार नसलेल्या कॉर्ड्सनाही लागू पडते: डाव्या हाताची नखं. डीमध्ये पहिली तार बद्द, सीमध्ये तिसरी बद्द, बी सेव्हनमध्ये मोकळी दुसरी बद्द, अशी तक्रार एकाच वेळी असेल तर नख लाकडाला आधी टेकतंय आणि त्यामुळे बोट आडवं पडून शेजारच्या तारेवर लोळतंय. नखं पेराच्या मांसाच्या आत येतील इतकी कापा आणि मग पुन्हा एकेक तार वाजवून बघा.