मऊ जेलवर पेशी वाढवताना या चुका टाळा

पेशी आपल्या खालच्या पृष्ठभागाला इंटेग्रिन प्रथिनांनी धरते, ॲक्टिन-मायोसिनच्या तंतूंनी ओढून पाहते आणि तो किती दाद देतो यावरून स्वतःचे वर्तन ठरवते. मेंदूसारख्या ०.१ ते १ किलोपास्कल (कडकपणा मोजण्याचे एकक) कडकपणाच्या जेलवर मूळपेशी चेतापेशींकडे झुकतात, तर २५ ते ४० किलोपास्कलवर हाडांच्या पेशींकडे, हे २००६ साली एंगलर व सहकाऱ्यांनी दाखवले. प्लॅस्टिकची बशी याहून हजारो पटींनी कडक असते, म्हणून तिच्यावरचे वर्तन ‘नैसर्गिक’ समजणे ही पहिली चूक.

गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात पॉलिॲक्रिलामाइड जेल वेळेवर गोठत नसेल, तर आधी अमोनियम पर्सल्फेटकडे, म्हणजे जेल गोठणे सुरू करणाऱ्या रसायनाकडे पाहावे. दमट हवेत उघडी राहिलेली बाटली निकामी होत जाते. ताज्या कणांवर पाणी घातले की बारीक तडतड ऐकू येते, ती ऐकू आली नाही तर बाटली बदलावी. निर्वात करून द्रावणातला ऑक्सिजन काढणेही तितकेच आवश्यक आहे, कारण तो बहुलकीकरण (रेणूंच्या साखळ्या जुळून जेल बनणे) रोखतो. अशा वेळी गोठणे वेगवान करणारे टेमेड हे रसायन जे अंदाजाने वाढवतात, ते जेल गोठवतात खरे, पण त्याचा कडकपणा कोष्टकातला उरत नाही. हा कडकपणा जेल द्रवात फुगल्यानंतर प्रत्यक्ष मोजावा.

जेल काही मायक्रोमीटरच जाड असेल, तर पेशीला खालची काच जाणवते. सुमारे १०० मायक्रोमीटर जाडी ठेवावी आणि कडेच्या पेशी मोजणीत घेऊ नयेत.

मऊ जेलवर पेशी गोल राहिल्या की श्रेय लगेच मऊपणाला दिले जाते, ही माझ्या मते सर्वांत महागडी चूक आहे. पेशींना धरायला लागणारे कोलॅजन प्रथिन जेलला जोडणारा सल्फो-सॅनपाह हा पदार्थ पाण्यात लवकर विघटित होतो. द्रावण करून ठेवून दिले असेल तर कोलॅजन पृष्ठभागाला जोडलेच गेलेले नसते. प्रतिपिंडाने रंगवून सर्व जेलांवर कोलॅजन सारखे बसले आहे का, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. कडक पृष्ठभागावर केंद्रकात जाणारे वाय-ए-पी प्रथिन केंद्रकात आहे की बाहेर, हे पाहतानाही पेशींची दाटी सारखी हवी, कारण गर्दीत ते कडक पृष्ठभागावरही केंद्रकाबाहेर पडते.

पिएझो१ ही पेशीच्या पटलातली, ताणाने उघडून कॅल्शियम आत सोडणारी वाहिनी २०१० साली संशोधक पटापूटियन यांच्या गटाने शोधली. औषध टाकताच कॅल्शियम वाढले, तर पिपेटच्या प्रवाहानेच ती उघडली नसेल ना, याची खात्री त्याच वेगाने नुसते माध्यम टाकून करावी.