आजोबांचा वर्दीतला फोटो वाचायचा कसा

भिंग घ्या आणि आधी टोपीवरचा बिल्ला बघा, चेहरा नंतर. बिल्ल्यावर राजमुकुट असेल तर फोटो इंग्रजांच्या अमलातला किंवा त्यानंतर लगेचचा; अशोकस्तंभाचे सिंह असतील तर २६ जानेवारी १९५० नंतरचा. निम्मं काम इथेच होतं.

मग बिल्ल्याचा मधला भाग. आम्हा मराठा लाईट इन्फंट्रीवाल्यांच्या बिल्ल्यात बिगुल असतं. हलक्या पायदळाचे जवान पांगून लढायचे, त्यांना हुकूम बिगुलावरच पोचायचा. पण बिगुल दिसलं की लगेच ‘मराठा’ म्हणू नका. राजपुताना रायफल्सच्या बिल्ल्यातही ते आहे, फक्त तिथे कट्यारींची जोडी शेजारी असते. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावात उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. पुढे ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या विकर्स मशीनगन आल्या. स्तंभाचा बिल्ला घरात असेल तर जपा.

‘आजोबा मराठ्यात होते, मग हा पॅराशूटचा बिल्ला कुठला?’ असं बरेच जण विचारतात. ३ मराठा ही पलटण १९५२ साली पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन २ पॅरा झाली. माणूस तोच, बिल्ला बदलला.

हुद्दा ओळखणं सोपं. बाहीवर एक फीत लान्सनाईक, दोन नाईक, तीन हवालदार. खांद्यावर दोन स्टार दिसले की घरचे आजोबांना लेफ्टनंट करून मोकळे होतात. स्टारजवळ आडवी रंगीत पट्टी आहे का बघा. असेल तर ते सुभेदार. सुभेदाराची पलटणीतली पत ज्याला ठाऊक आहे, तो हिरमुसणार नाही. एक स्टार आणि पट्टी म्हणजे जुना जमादार, आजचा नायब सुभेदार.

बाहीवर वरच्या बाजूला कापडी चिन्ह असेल तर ते बहुधा डिव्हिजनचं (म्हणजे अनेक पलटणी मिळून बनलेल्या मोठ्या तुकडीचं), रेजिमेंटचं नव्हे. लाल गरुड म्हणजे चौथी इंडियन डिव्हिजन. आणि पदकांच्या रिबिनी उजव्या छातीवर दिसल्या तर निगेटिव्ह उलटी छापली असणार, कारण स्वतःची पदकं डावीकडेच लावतात.

ट्रंकेत पदकं सापडली तर ब्रासो, म्हणजे धातू चकाकवायचं पॉलिश, लांब ठेवा. पहिल्या महायुद्धातल्या गोल पदकांच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. घासून घासून तेच पुसलं जातं. मऊ सुती फडकं पुरे.

२६ जानेवारीला शाळेत जाताना दिवंगत आजोबांची पदकं नातवाने जरूर लावावीत, मात्र उजव्या छातीवर. बिल्ला, फिती, स्टार हे अंगावर नको, फ्रेममध्ये ठेवा. फौजी असल्याचं भासवायला तसली खूण वापरली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. फ्रेम करताना कापडी रिबीन उन्हाच्या भिंतीवर टांगू नका, रंग उडतो.